नाकाच्या अस्तरातला निरोप : एका आकृतीचा इतिहास

अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिसवरचा कुठलाही रिव्ह्यू पेपर उघडा, सुरुवातीच्या पानांत एक रंगीत आकृती बहुतेक सापडतेच. वर परागकण, त्याखाली नाकाच्या अस्तरातल्या पेशींची रांग, मग मास्ट पेशी, तिच्यावर चिकटलेले आयजीई प्रतिपिंड आणि शेवटच्या बाणांना शिंका, वाहणारं पाणी, चोंदलेलं नाक. पीएचडीच्या मुलाखतीसाठी आपण ही आकृती पाठ करतो. जरूर करा. पण हे बाण कोणत्या क्रमाने काढले गेले, ते आज सांगतो. शरीरात निरोप ज्या क्रमाने जातो आणि संशोधकांना तो ज्या क्रमाने कळला, हे दोन क्रम अगदी वेगळे आहेत. कोणता बाण कशावर मोजला गेला हे माहीत नसेल, तर स्वतःचा प्रयोग आखताना हमखास फसायला होतं.

१८१९ साली लंडनमधल्या जॉन बोस्टॉक या डॉक्टरने एका रुग्णाची हकीकत वैद्यकीय सभेत वाचली. दर उन्हाळ्यात डोळे चुरचुरणं, शिंका, छाती भरून येणं. रुग्ण तो स्वतःच होता. हा वाळत्या गवताचा त्रास असं लोक म्हणायचे. बोस्टॉकला ते पटत नव्हतं, त्याने दोष उन्हाळ्याच्या उष्म्यालाच दिला. परागकणांवर बोट ठेवलं ते मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने, १८७३च्या पुस्तकात. त्याने गवताचे परागकण स्वतःच्या नाकात घातले, ओरखडलेल्या कातडीवर लावले, पतंगाला चिकट काचा बांधून उंचावरच्या हवेतले परागसुद्धा पकडले. त्याच्या नोंदींत एक गोष्ट खटकते. दिवसभर गवतात राबणाऱ्या शेतकऱ्यांना हा आजार जवळजवळ होतच नव्हता. म्हणजे पराग तोच, पण नाक वेगळं.

यातून पुढचा प्रश्न सरळ निघायला हवा होता, पण तो काळ जंतू आणि विषांचा. हॅम्बुर्गच्या डनबारने मांडलं की परागात विषच असतं, आणि त्यावर उतारा म्हणून सीरम तयार केलं. १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नूनने याच समजुतीवर रुग्णांना परागाच्या अर्काची वाढत्या मात्रेने इंजेक्शनं दिली. समजूत चुकीची होती, उपचार मात्र लागू पडला. इम्युनोथेरपी आजही त्याच वाटेने चालते. असं होतं कधी कधी.

खरं वळण १९२१ साली ब्रेस्लाऊमध्ये आलं. हाइन्झ क्युस्टनरला मासे खाल्ले की त्रास व्हायचा. त्याचं थोडंसं सीरम कार्ल प्राउस्निट्झने स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झला माशांची अ‍ॅलर्जी नव्हती, तरी तिथे गांध उठली. म्हणजे दोष माशात नाही आणि विषातही नाही. रुग्णाच्या रक्तात काहीतरी आहे, आणि ते दुसऱ्याच्या कातडीत जाऊन बसू शकतं. त्या 'काहीतरी'ला रीएजिन हे नाव पडलं आणि पुढची पंचेचाळीस वर्षं ते हाती लागलं नाही.

का लागलं नाही, यावर जरा थांबा, कारण आपल्या कामाचा भाग इथे आहे. रीएजिनचं रक्तातलं प्रमाण इतकं नगण्य की त्या काळच्या रसायनशास्त्राला ते दिसतच नव्हतं. ते ओळखणारं एकमेव साधन होतं माणसाची कातडी. डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने रॅगवीडची अ‍ॅलर्जी असलेल्यांचं सीरम घेतलं, त्याचे भाग वेगळे केले आणि कोणत्या भागाने गांध उठते ते कातडीवर तपासत गेले. (रॅगवीड आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, पण त्याच कुळातलं गाजरगवत महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको.) १९६६ साली त्यांनी हा नवा प्रतिपिंड जाहीर केला. दुसरीकडे स्वीडनच्या उप्सालामध्ये योहान्सन आणि बेनिच यांना मायलोमाच्या एका रुग्णाच्या रक्तात ओळखीच्या कुठल्याच वर्गात न बसणारं प्रथिन भरपूर सापडलं होतं. दोन्ही एकच निघाली. १९६८ साली लोझानच्या बैठकीत आयजीई हे नाव ठरलं.

मास्ट पेशीची गोष्ट त्याहून गमतीची. पॉल एर्लिखने तिला नाव दिलं ते १८७८च्या त्याच्या डॉक्टरेटच्या प्रबंधात. हिस्टामाइनचे परिणाम डेल आणि लेडलॉ यांनी १९१०मध्ये दाखवले. पण हिस्टामाइन त्याच पेशीच्या कणांत साठवलेलं असतं हे रायली आणि वेस्ट यांनी १९५३मध्ये सांगितलं. प्रबंधातल्या पेशीला काम मिळायला पंचाहत्तर वर्षं!

मग मधला बाण भरला गेला. पेशीवर बसलेला आयजीई नुसता बसून काही करत नाही. परागातलं एकच प्रथिन शेजारच्या दोन आयजीईंना पकडतं, त्यांचे रिसेप्टर जवळ ओढले जातात, आतल्या बाजूला लिन आणि सिक ही एन्झाइमं कामाला लागतात, कॅल्शियम वाढतं आणि काही मिनिटांत कण रिकामे होतात. हा भाग तुम्ही परीक्षेला लिहिता. पण यातला बराचसा नकाशा आरबीएल-२एच३ या पेशीवंशावर काढला गेला, आणि तो रॅट जातीच्या उंदराच्या रक्तकर्करोगातून आलेला आहे. काम उत्तम, यात वाद नाही. तरी ते माणसाचं नाक नव्हे, आणि पुष्कळ प्रस्तावांत हा फरक एका वाक्यातही येत नाही.

नाकाने स्वतः वेगळी साक्ष दिली होती. अँटिहिस्टामाइन आली तेव्हा शिंका, खाज आणि पाणी कमी झालं, पण चोंदलेलं नाक तितकंसं मोकळं होईना. शिंक आणि खाज हा हिस्टामाइनने चाळवलेल्या चेतातंतूंचा मामला. चोंदणं म्हणजे अस्तरातल्या शिरा रक्ताने फुगणं, आणि तिथे ल्युकोट्राइनसारखे इतर निरोपेही लागतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन कॉनेल यांनी रुग्णांच्या नाकात रोज मोजून पराग सोडले. आठवडाभरात तीच प्रतिक्रिया आधीपेक्षा कितीतरी कमी परागांत येऊ लागली. अस्तर दर वेळी बदलत होतं. त्यांनी याला प्रायमिंग म्हटलं. नंतर दिसलं की हंगामात मास्ट पेशी अस्तराच्या वरच्या थराकडे सरकतात आणि इओसिनोफिल जमतात.

आकृतीतली सगळ्यात वरची रांग, म्हणजे अस्तराच्या पेशी, सगळ्यात शेवटी बोलू लागली. तोवर ती नुसती भिंत होती. १९९९मध्ये दिसलं की धुळीतल्या माइटचं डर-पी-१ हे एन्झाइम पेशींमधले सांधेच कापतं. मग टीएसएलपी, २००५मध्ये आयएल-३३, आणि २०१०च्या सुमारास हे निरोप ऐकणाऱ्या आयएलसी-२ पेशी. दुखावलेलं अस्तर स्वतःच धोक्याची हाक देतं, आणि ही हाक द्यायला त्याला आयजीई लागत नाही.

पण ते १९९९चं काम श्वासनलिकेच्या पेशींवर होतं. नाकाचं अस्तर हुबेहूब तसंच वागतं का, हे तपासायला आज नाकातून ब्रशने पेशी घेऊन त्यांचं तोंड हवेकडे ठेवून वाढवता येतात. वेळखाऊ आहे, खर्चिकही आहे. विषय निवडताना गाइडला याबद्दल नक्की विचारा.