महासाथीच्या काळातील थीम पार्क : गर्दीचे नियंत्रण व सुरक्षानियमांची अंमलबजावणी (२०२०-२०२२) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

गर्दी हा करमणुकीच्या उद्यानाचा प्राण असतो. जत्रेत माणसे नसतील तर जत्रा भरली असे कोणी म्हणत नाही. त्याचप्रमाणे थीम पार्कमध्ये मिरवणूक, आतषबाजी आणि पाळण्यापुढील रांग या सर्व गोष्टी गर्दी गृहीत धरूनच आखलेल्या असतात. साथरोगाच्या काळात मात्र हीच गर्दी संकटाचे कारण ठरते. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महासाथ असल्याचे घोषित केले, तेव्हा जगातील मोठ्या थीम पार्कपुढे हा पेच उभा राहिला. ज्या गर्दीवर उत्पन्न अवलंबून आहे, ती गर्दी कोणी कमी करावयाची, किती करावयाची आणि नियम न पाळणाऱ्यास कोणी अडवावयाचे, हे प्रश्न त्यातून निर्माण झाले.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील फ्लोरिडा व कॅलिफोर्निया ही दोन राज्ये, चीनमधील शांघाय आणि जपान येथील थीम पार्कचा २०२० ते २०२२ या काळातील अनुभव अभ्यासला आहे. नियम कोणते होते यापेक्षा ते अमलात आणण्याची जबाबदारी प्रत्यक्षात कोणावर पडली, हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

पूर्वपीठिका :

थीम पार्क आणि गर्दी यांचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँडचे उद्घाटन झाले. त्या दिवशीचा कार्यक्रम केवळ निमंत्रितांसाठी होता. परंतु बनावट तिकिटांमुळे सुमारे २८,००० माणसे आत आली आणि व्यवस्था कोलमडली. त्यानंतरच्या काळात गर्दी हाताळणे हे या व्यवसायाचे एक शास्त्रच बनले. वळणावळणाच्या रांगा, रांगेतील करमणूक आणि १९९९ पासून सुरू झालेली ‘फास्टपास’ पद्धत ही त्याची काही उदाहरणे होत. या सर्व उपायांचा हेतू गर्दी कमी करणे हा नव्हता, तर गर्दी सुसह्य करणे हा होता, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

संसर्गजन्य रोगाचा अनुभवही या उद्यानांना नवा नव्हता. डिसेंबर २०१४ मध्ये डिस्नेलँडला भेट दिलेल्या लोकांमध्ये गोवराची साथ उद्भवली. या साथीशी संबंधित शंभराहून अधिक रुग्ण एकट्या कॅलिफोर्निया राज्यात नोंदले गेले. त्यातील अनेकांचे लसीकरण झालेले नव्हते. परिणामी ३० जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियाने शाळेत प्रवेश घेणाऱ्या मुलांना वैयक्तिक मतामुळे लसीकरणातून मिळणारी सवलत रद्द करणारा कायदा केला. म्हणजे करमणुकीच्या उद्यानात पसरलेल्या रोगावरील उपाय उद्यानाच्या नियमात न शोधता राज्याच्या कायद्यात शोधला गेला. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने घेतलेल्या भूमिकेची पूर्वखूण या घटनेत दिसते.

फ्लोरिडा : कंपनीचा नियम

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. त्यापूर्वीच, १९६७ मध्ये, राज्याच्या विधिमंडळाने ‘रीडी क्रीक सुधारणा जिल्हा’ स्थापन करून बांधकाम, अग्निशमन व इतर नागरी सेवांचे अधिकार व्यवहारतः कंपनीच्या प्रभावाखालील संस्थेकडे सोपविले होते. ही व्यवस्था २०२३ पर्यंत टिकली. आपल्या हद्दीत आपणच नियम करावयाचे, ही या उद्यानाची जुनी परंपरा होती.

१५ मार्च २०२० ची रात्र हा बंद होण्यापूर्वीचा अखेरचा दिवस होता. त्या रात्री मॅजिक किंगडम या उद्यानात आतषबाजी पाहण्यासाठी मोठी गर्दी लोटली. तिची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि त्यावर टीकाही झाली. एप्रिलमध्ये संघटित कामगारांपैकी सुमारे ४३,००० जणांना बिनपगारी सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले.

११ जुलै २०२० रोजी मॅजिक किंगडम व ॲनिमल किंगडम ही दोन उद्याने पुन्हा उघडली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरिडात १५,००० हून अधिक नव्या रुग्णांची नोंद झाली; एका दिवसातील ही संख्या तोपर्यंत अमेरिकेतील कोणत्याही राज्यात नोंदल्या गेलेल्या संख्येपेक्षा अधिक होती. उद्यानात मात्र कडक नियम होते. दोन वर्षांवरील प्रत्येकास मुखपट्टी सक्तीची होती. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असलेल्यास प्रवेश नव्हता. प्रवेशासाठी दिवस आधी राखून ठेवावा लागे. मिरवणुका व आतषबाजी स्थगित होत्या. रांगांना अधिक जागा लागणार असल्याने फास्टपास बंद ठेवला होता.

नियमातील पळवाटा कशा बुजविल्या गेल्या, हे विशेष उद्बोधक आहे. हातात पेयाचा पेला धरून मुखपट्टी न लावता फिरणाऱ्यांची संख्या वाढताच, खाणे-पिणे एका जागी थांबूनच करावे, असा नियम काही दिवसांत करण्यात आला. गळ्यातील कापडी पट्टी व झडप असलेली मुखपट्टी अमान्य ठरली. पाळण्यावर मुखपट्टी काढणाऱ्यास त्या फेरीचे छायाचित्र न देण्याची पद्धत सुरू झाली. ही शिक्षा क्षुल्लक वाटली तरी ती परिणामकारक होती, कारण ती देण्यासाठी कोणा कर्मचाऱ्याला पाहुण्याशी वाद घालावा लागत नव्हता.

इतर सर्व ठिकाणी हा वाद कर्मचाऱ्यालाच घालावा लागे. त्याच्या पाठीशी कायद्याचे बळ किती होते, हे पाहिले पाहिजे. ऑरेंज काउंटीने जून २०२० मध्ये सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी सक्तीची केली होती. परंतु २५ सप्टेंबर २०२० रोजी गव्हर्नर रॉन डीसँटिस यांच्या आदेशाने व्यक्तींकडून अशा दंडाची वसुली थांबविण्यात आली. त्यानंतर उद्यानाच्या हाती उरला तो जागेच्या मालकाचा अधिकार. नियम न पाळणाऱ्यास बाहेर जाण्यास सांगावयाचे आणि तो न गेल्यास अनधिकृत वास्तव्याबद्दल शेरीफच्या माणसांना बोलवावयाचे, एवढाच मार्ग शिल्लक राहिला. अर्थात गुन्हा मुखपट्टी न लावण्याचा नव्हता, तर सांगूनही न निघण्याचा होता.

गर्दीच्या प्रमाणाबाबतही निर्णय कंपनीचाच होता. सुरुवातीस २५ टक्के असलेली मर्यादा ३५ टक्क्यांवर नेल्याचे कंपनीचे प्रमुख बॉब चेपेक यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितले. सहा फुटांचे अंतर राखण्यासाठी रांगांत व पाळण्यांवर पारदर्शक पडदे बसविण्यात आले. व्यवसायाच्या अंदाजानुसार मॅजिक किंगडमला २०१९ मध्ये सुमारे २ कोटी १० लाख, २०२० मध्ये सुमारे ६९ लाख आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २७ लाख लोकांनी भेट दिली.

कामगारांची सुरक्षा : एक तुलना

नियमांचा हेतू पाहुण्यांचे रक्षण हा होता, तसाच तो कामगारांचे रक्षण हाही होता. या दृष्टीने २०२० च्या उन्हाळ्यातील एक तुलना महत्त्वाची आहे. डिस्ने वर्ल्डच्याच आवारातील क्रीडासंकुलात अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचा उर्वरित हंगाम जुलै ते ऑक्टोबर या काळात पार पडला. तेथे राहणाऱ्या खेळाडूंचा बाहेरील जगाशी संपर्क तोडला होता आणि त्यांची दररोज चाचणी होत असे. विलगीकरणाचा काळ ओलांडून आत आलेल्या खेळाडूंपैकी कोणालाही बाधा झाल्याचे आढळले नाही.

त्याच सुमारास उद्यानातील कलावंतांच्या ‘ॲक्टर्स इक्विटी’ या संघटनेचा कंपनीशी चाचणीच्या मागणीवरून वाद चालू होता. कलावंतांना सादरीकरण करताना मुखपट्टी लावता येत नाही, म्हणून नियमित चाचणी हवी, असे संघटनेचे म्हणणे होते. ऑगस्टमध्ये कंपनीच्या जागेत चाचणी केंद्र उपलब्ध झाल्यावर हा वाद मिटला. एकाच आवारात दोन प्रकारची सुरक्षा कशी असू शकते, याचे हे उदाहरण होय. सुरक्षिततेचे ज्ञान आणि साधने उपलब्ध होती. ती कोणासाठी वापरावयाची, हा प्रश्न श्रमाच्या बाजारमूल्याशी निगडित होता. २९ सप्टेंबर २०२० रोजी कंपनीने अमेरिकेतील उद्यान विभागातून २८,००० जणांची कपात जाहीर केली.

कॅलिफोर्निया : राज्याचा नियम

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १४ मार्च २०२० पासून बंद झाले. १७ जुलै २०२० या वर्धापनदिनी ते उघडण्याचा कंपनीचा विचार होता. कामगार संघटनांनी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांना पत्र लिहून शंका व्यक्त केली. राज्याची मार्गदर्शक तत्त्वे तयार नसल्याने बेत पुढे ढकलण्यात आला. २० ऑक्टोबर २०२० रोजी ही तत्त्वे प्रसिद्ध झाली. मोठ्या उद्यानांना, ती ज्या काउंटीत आहेत तेथील संसर्ग सर्वांत खालच्या पातळीवर आल्यावरच, २५ टक्के क्षमतेने उघडण्याची मुभा होती. मार्च २०२१ मध्ये ही अट शिथिल होऊन संसर्गाच्या पातळीनुसार १५, २५ व ३५ टक्के अशी मर्यादा ठरली आणि प्रवेश राज्यातील रहिवाशांपुरता ठेवण्यात आला. दरम्यान जानेवारी २०२१ मध्ये डिस्नेलँडच्या वाहनतळावर मोठे लसीकरण केंद्र सुरू झाले होते. अखेर ३० एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे ४१२ दिवसांनंतर, उद्यान उघडले.

या पद्धतीत द्वारावरील कर्मचाऱ्याला नियमाचे मूळ होण्याची गरज पडली नाही. नियम राज्याचा होता. परंतु त्याची किंमतही कामगारांनीच वर्षभराच्या बेकारीच्या रूपाने मोजली. म्हणून कॅलिफोर्नियाचा मार्ग निखळ कामगारहिताचा आणि फ्लोरिडाचा निखळ नफ्याचा, अशी सोपी विभागणी इतिहासाला मान्य होणार नाही.

शांघाय व जपान : दोन टोके

शांघाय डिस्नेलँड २५ जानेवारी २०२० रोजी बंद झाले आणि ११ मे २०२० रोजी उघडले. एरवी दिवसाला ८०,००० लोक सामावणाऱ्या या उद्यानास शासनाने ३० टक्के, म्हणजे २४,००० ची मर्यादा घातली. प्रवेशासाठी मोबाइलवरील आरोग्य-संकेत दाखवावा लागे. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी, आदल्या दिवशी येऊन गेलेली एक व्यक्ती बाधित असल्याचे कळताच उद्यानाची दारे बंद करण्यात आली आणि ३३,८६३ जणांची चाचणी झाली. सर्वांचे अहवाल नकारात्मक आले. येथे नियम मोडण्याचा प्रश्नच शिल्लक राहिला नाही. करमणुकीस आलेला मनुष्य काही तासांसाठी विलगीकरणातील मनुष्य झाला.

जपानमध्ये याच्या उलट चित्र दिसते. मे २०२० अखेरीस तेथील थीम पार्क संघटनांनी स्वतःच मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. पाळण्यावर मोठ्याने ओरडू नये, ही त्यातील एक सूचना होती. ओरडू नका म्हणून दंड करणे अशक्यच होते. तेव्हा फुजी-क्यू हायलँड या उद्यानाने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत दोन अधिकारी मुखपट्टी लावून, चेहऱ्यावरील रेषही न हलवता उंच पाळण्याची फेरी पूर्ण करतात आणि किंकाळी मनातच ठेवण्याचे आवाहन केले जाते. नियमाचे पालन येथे लोकलज्जा व विनोद यांच्यावर सोपविले होते.

नियमांचा उतार :

फ्लोरिडात १५ जून २०२१ पासून लसीकरण पूर्ण झालेल्यांना मुखपट्टी ऐच्छिक झाली. परंतु लसीकरणाचा पुरावा मागण्यास राज्याने व्यवसायांना मनाई केली होती. त्यामुळे कोणाला सूट आहे हे ओळखण्याचे साधन उद्यानाकडे नव्हते आणि नियम पाहुण्याच्या शब्दावर उभा राहिला. डेल्टा प्रकाराची लाट आल्यावर ३० जुलै २०२१ पासून बंदिस्त जागांत मुखपट्टी सर्वांना पुन्हा सक्तीची झाली. लसीकरणाची अट वगळून सर्वांना सारखा नियम लावणे, हाच अंमलबजावणीस सोपा मार्ग होता. फेब्रुवारी ते एप्रिल २०२२ या काळात मुखपट्टीचे नियम टप्प्याटप्प्याने संपले.

दिवस राखून ठेवण्याची पद्धत मात्र बहुतेक पाहुण्यांसाठी जानेवारी २०२४ पर्यंत टिकली. फास्टपासची मोफत सोय परत आली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी सशुल्क व्यवस्था आली. आरोग्यासाठी आलेले नियम गेले, तरी गर्दीचे नियोजन उत्पन्नासाठी उपयोगी ठरल्याने राहिले.

निष्कर्ष :

१. थीम पार्कमधील गर्दीची मर्यादा ही केवळ वैद्यकीय बाब नव्हती. ती कोण ठरवितो यावर तिचे स्वरूप अवलंबून राहिले.

२. राज्याने हात आखडता घेतला तेथे अंमलबजावणीचा भार कमी वेतनाच्या कर्मचाऱ्यांवर पडला. नियम मोठ्यांनी केला, वाद मात्र त्यांना घालावा लागला.

३. वाद टाळून लागू होणारे नियम, उदाहरणार्थ आगाऊ नोंदणी किंवा छायाचित्र नाकारणे, राबविणे सोपे गेले. तपासता न येणारी सवलत मात्र नियमालाच पोकळ करते, हे २०२१ च्या उन्हाळ्यात दिसले.

४. पूर्ण बंदी व पूर्ण सक्ती या दोहोंची सामाजिक किंमत मोठी होती. तिचे मोजमाप केवळ रुग्णसंख्येने करता येणार नाही.

समारोप :

महासाथीच्या इतिहासात रुग्णालये, शासन आणि लस यांना स्थान मिळाले आहे व ते योग्यच आहे. परंतु हाती तापमापक घेऊन द्वारावर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याचीही नोंद या इतिहासाने घेणे आवश्यक आहे. नियमाची खरी कसोटी त्याच्या जागी लागली. पुढील साथीसाठी नियम तयार करताना, तो मोडणाऱ्यास कोण अडविणार आणि अडविणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, हे आधी ठरविले गेल्यास २०२० चा अनुभव सार्थकी लागला असे म्हणता येईल.