ओल, वारा आणि भाताचं शेत

थळला येऊन चिनी वैद्यकावर बोलायचं म्हणजे समोरच्या खांदेरीकडे पाठ करून कुठलं तरी दूरचं सांगणं, असं कुणाला वाटेल. पण आम्ही हा विषय मुद्दाम इथे घेतोय, कारण त्या वैद्यकातला एक शब्द थळकरांना समजावून सांगावा लागत नाही. तो शब्द म्हणजे ओल. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, म्हाताऱ्यांचे सांधे धरतात. ही ओल रोगाचं कारण असते का, आणि असते तर कोणत्या अर्थानं, एवढंच आज बघायचं आहे.

चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ म्हणजे ‘ह्वांगदी नेइजिंग’. त्याची जुळणी साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजवटीत झाली. त्या परंपरेनं बाहेरून येणारी रोगकारणं सहा मानली: वारा, थंडी, उन्हाळ्याचा उष्मा, ओल, कोरडेपणा आणि अग्नी. आता गंमत बघा. हे सहा मुळात रोग नव्हेतच, ते ऋतूंचे धर्म आहेत. थंडीनं थंडीत यावं, त्यात वावगं काही नाही. ती अती झाली, भलत्या वेळी आली किंवा माणूसच आतून खचलेला असला, की तीच रोगाचं कारण ठरते. वारा या सगळ्यांचा म्होरक्या, बाकीच्यांना तोच अंगात घेऊन शिरतो. आणि ओलीचं वर्णन तर कोकणात बसून लिहिल्यासारखं आहे: जड, चिकट, पायांकडून धरणारी, एकदा धरली की लवकर न सोडणारी.

आपल्याकडे चरकसंहितेत समुद्रकाठच्या पाणथळ मुलुखाला ‘आनूप देश’ म्हटलंय, आणि तिथे वात-कफाचे विकार जास्त असं सांगितलंय. पण आम्हाला त्याहून मोलाचा वाटतो तो विमानस्थानाचा तिसरा अध्याय. माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळं, मग एकाच रोगानं अख्खा मुलूख कसा मरतो, असा तिथे अग्निवेशाचा प्रश्न आहे. आत्रेयांचं उत्तर असं की वायू, जल, देश आणि काल या चार गोष्टी सगळ्यांना सामायिक आहेत, त्या बिघडल्या की सगळेच सापडतात. त्या का बिघडतात? अधर्मामुळे, त्यात राज्य करणाऱ्यांचाही अधर्म आला. इथे वैद्यक नीतीच्या अंगणात शिरतं. ते चूकच, असं म्हणायला आमची जीभ धजत नाही.

चीनमध्ये याच्या जवळचाच प्रश्न वू योउशिंग या वैद्यापुढे उभा राहिला. 1641 मध्ये मोठी साथ आली. त्या वेळचे वैद्य इसवी सन 200च्या सुमाराच्या ‘शांगहान लुन’ या ग्रंथाप्रमाणे थंडीच्या विकाराचे उपचार करत होते, आणि रोगी दगावत होते. पुढच्याच वर्षी वूनं ‘वेनयी लुन’ लिहिलं. ऋतू तर दरसाल येतात, मग साथ दरसाल का येत नाही? गुरं आजारी पडतात तेव्हा मेंढ्या ठणठणीत असतात, कोंबड्या मरतात तेव्हा बदकं मरत नाहीत. थंडी-वारा तर सगळ्यांनाच लागतो! म्हणजे कारण हवामानाखेरीज दुसरंच काहीतरी, रोगागणिक वेगळं, नाका-तोंडावाटे शिरणारं असलं पाहिजे. सूक्ष्मदर्शक हाताशी नसताना केलेला हा विचार आहे. जॉन स्टुअर्ट मिलनं भेदाची तर्कपद्धती 1843 मध्ये मांडली, तिच्या दोनशे वर्षं आधी.

अशी छाननी केली नाही तर काय होतं, ते पलीकडच्या मुंबईत दिसलं. तिथल्या तापांचं खापर इंग्रजांनी दुर्गंधी हवेवर फोडलं, आणि ही हवा येते कुठून, तर माडांना घालतात त्या माशांच्या खतातून! ते खत बंद करण्याचे हुकूमही निघाले. वाडीवाल्यांना भुर्दंड, ताप तसाच. हिवतापाचा डासाशी संबंध रोनाल्ड रॉसनं दाखवला तो 1897 मध्ये, सिकंदराबादला. नंतर 1911च्या अहवालात बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापासाठी विहिरी-टाक्यांत वाढणाऱ्या डासांकडे बोट दाखवलं. वातावरणाला दोष दिला की तो शेवटी कुणा माणसाच्या दारात जाऊन पडतो.

मग ओल निर्दोष सुटली का? तसंही नाही. लेप्टोस्पायरोसिस घ्या. जंतू जपानमध्ये 1915च्या सुमारास सापडला. पण त्याआधीच तिथले शेतकरी अशा तापाला ‘शरदातलं आजारपण’ म्हणत, आणि चीनमध्ये त्याला ‘झोडणीची कावीळ’, ‘भातशेतातली कावीळ’ अशी नावं होती. चिनी वैद्य तो ओल आणि उष्णतेच्या विकारांत घालत. जंतू उंदरांच्या, गुरांच्या मुतातून पाण्यात येतो, ओल्या जागी टिकतो आणि कातडीतल्या भेगेतून शिरतो. चिखल्या झालेला पाय त्याला उघडं दारच. ओल पायांकडून धरते हे जुनं वाक्य इथे जवळजवळ शब्दशः खरं आहे. नैयायिकांच्या भाषेत जंतू हे निमित्त धरलं, तर ओल सहकारी कारण. एकाला सोडून दुसरं काम करत नाही.

26 जुलै 2005च्या पुरानंतर मुंबईत हा रोग पसरला तेव्हा त्याची चर्चा झाली. लावणीला वाकलेल्या बाईच्या तापाची तेवढी होत नाही. गमबूट घाला म्हणणं सोपं आहे, गाळात ते रुततात आणि पाय उपसता उपसता दिवस जातो. तेव्हा पायाला जखम किंवा चिखल्या असतील तर शेतात उतरण्याआधी आरोग्य केंद्रात दाखवावं आणि डॉक्सीसायक्लिनच्या गोळीबद्दल विचारावं, ती कुणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतील. आणि ताप आलाच, तर किती चढला हे सांगताना आपण कुठे, कोणत्या पाण्यात आणि किती दिवस उभ्या होतो, हेही डॉक्टरांना सांगावं. ते बहुतेक वेळा विचारत नाहीत.