न झालेले सामने

अमेरिकेतले कॉलेज बास्केटबॉल संघ आपल्या गटाबाहेरही काही सामने ठरवून खेळतात. कशाला? समजा, अंधेरीची कॉलेजं फक्त आपसात खेळली, मुलुंडचीही तसंच. मग अंधेरीचा दुसरा संघ मुलुंडच्या पहिल्यापेक्षा सरस आहे का, हे गुणतक्ता बघून सांगाल? नाहीच सांगता येणार.

आपल्या रणजी करंडकात हेच झालं. १९५७-५८ पासून विभागवार साखळी आली. पुढे जायचा तो फक्त विभागाचा विजेता. १९५८-५९ पासून मुंबई सलग जिंकत गेली, त्यामुळे पश्चिम विभागातले महाराष्ट्र, बडोदा वगैरे दरवर्षी तिथेच अडकले. १९७०-७१ ला प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले. आणि त्याच वर्षी अंतिम सामना कोणाचा? मुंबई विरुद्ध महाराष्ट्र! मुंबई जिंकली, पण शेजाऱ्याची ताकद तेव्हा कुठे दिसली.

म्हणून जुना तक्ता वाचताना तुम्हीही आधी बघा: कोण कोणाशी खेळलंच नाही?