केपच्या कंदांची देवाणघेवाण: एक कुळकथा

दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाला, केप टाउनभोवतालच्या डोंगरांत आणि किनारपट्टीवर, वनस्पतींच्या सुमारे ९,००० जाती आढळतात आणि त्यांपैकी दोन तृतीयांश जाती जगात अन्यत्र कोठेही रानटी उगवत नाहीत. या प्रदेशाच्या पश्चिम भागात पाऊस हिवाळ्यात, म्हणजे साधारण मे ते ऑगस्टमध्ये पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्यामुळे तेथील शेकडो जाती पावसाच्या महिन्यांत वाढ उरकून घेतात आणि उरलेले वर्ष जमिनीखाली साठवलेल्या अन्नावर काढतात. या साठ्याच्या अवयवाला बोलीत सरसकट कंद म्हणतात, परंतु वनस्पतिशास्त्र त्यात भेद करते: कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे असलेला तो खरा कंद, आणि सुरणासारखा आतून भरीव असलेला तो दृढकंद. नेरीन, हिमँथस आणि लॅकेनालिया यांचे खरे कंद असतात. ग्लॅडिओलस, फ्रीझिया आणि मोरिआ यांचे दृढकंद.

या वनस्पतींची माणसाशी पहिली ओळख बागेत झाली नाही, ती आहारात झाली. केपच्या गुहांत पाषाणयुगीन वस्तीच्या थरांमध्ये वॉटसोनियासारख्या वनस्पतींच्या दृढकंदांची टरफले सापडली आहेत, आणि सान व खोईखोई लोक कोणते कंद खावेत व कोणते विषारी म्हणून टाळावेत हे युरोपीय जहाजे किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधीपासून जाणत होते. कंदांच्या इतिहासात या जाणकारांची नावे कोठेही येत नाहीत, ही त्या इतिहासाची मोठीच उणीव मानावी लागेल.

युरोपात हे कंद पोहोचले ते पूर्वेकडून परतणाऱ्या जहाजांतून. हिमँथस कॉक्सिनिअसचे चित्र १६०५ मध्येच छापले गेले होते. नेरीन सार्निएन्सिस ही लाल-केशरी फुलांची जात १६३४ मध्ये पॅरिसमधील मोरँ यांच्या बागेत फुलली आणि पुढच्याच वर्षी कॉर्न्यू या वैद्याने ती जपानची समजून तिचे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटावर ती इतकी रुजली की फुटलेल्या जहाजातून कंद वाहून किनाऱ्याला लागल्याची दंतकथा तिच्याभोवती तयार झाली, आणि तिच्या शास्त्रीय नावातही त्या बेटाचे जुने नाव शिरले. ती केपच्या टेबल माउंटनवरची आहे हे सर्वमान्य होण्यास शंभरहून अधिक वर्षे लागली. कंद मुळापासून तुटून हातोहात फिरू शकतो आणि फिरताना त्याचा पत्ता हरवतो. पुढच्या काळात जातीसोबत तिचे मूळ ठिकाण नोंदवून देण्याचा जो आग्रह हौशी मंडळींत दिसतो, त्याची निकड या एका उदाहरणावरून कळते.

१६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला ठाणे वसवले आणि तेथील भाजीपाल्याची बाग कालांतराने वनस्पती पाठवण्याचे केंद्र झाली. गव्हर्नर रिक टुलबाख यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यांना कंद आणि वाळवलेले नमुने पाठवले, त्याची परतफेड म्हणून एका प्रजातीला टुलबाखिया हे नाव मिळाले. १७७२ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानाने फ्रान्सिस मॅसन याला केपला धाडले. त्याने स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग याच्यासह अंतर्भागात प्रवास केले. व्हिएन्नाच्या शोनब्रुन येथील शाही उद्यानानेही १७८६ मध्ये आपली माणसे तेथे पाठवली, आणि त्यांनी पाठवलेल्या कंदांची वनस्पतिशास्त्रज्ञ याक्विन यांनी प्रसिद्ध केलेली चित्रे आजही जातिनिश्चितीसाठी उघडली जातात. मात्र या सगळ्या व्यवहाराला देवाणघेवाण म्हणणे अवघड आहे, कारण कंद एकाच दिशेने जात होते आणि ते राजे, सरदार व श्रीमंत रोपवाटिकांच्या काचघरांत संपत होते.

ही लाट एकोणिसाव्या शतकात ओसरली. उष्ण कटिबंधातील ऑर्किड आणि पर्णवनस्पती यांच्यासाठी काचघरे तापवली जाऊ लागली, आणि थंड, हवेशीर हिवाळा व कोरडा उन्हाळा मागणारे केपचे कंद त्या दमट उबेत कुजले. बाजाराने त्यांतून निवडक जाती उचलल्या आणि त्यांचे संकर केले. १८२३ मध्ये चेल्सीच्या कॉल्व्हिल यांच्या रोपवाटिकेत ग्लॅडिओलसचा एक गाजलेला संकर झाला, आणि १८४१ मध्ये बेल्जियममधील गेंट येथील व्हान हाउट यांनी विक्रीस आणलेल्या संकरातून आजच्या मोठ्या फुलांच्या ग्लॅडिओलसची परंपरा सुरू झाली. या दुसऱ्या परंपरेत आफ्रिकेच्या उन्हाळी पावसाच्या प्रदेशांतील जातींचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या फूलबाजारात ग्लॅडिओलसच्या दांड्या सहज मिळतात, पण हिवाळी पावसाच्या लॅकेनालिया किंवा मोरिआ दृष्टीस पडत नाहीत, यामागे अन्य कारणांबरोबर हे ऋतुचक्रही आहे. महाराष्ट्राचा पावसाळा नेमका त्यांच्या झोपेच्या काळात येतो आणि कंद कुंडीतच सडतो.

बाजाराने टाकून दिलेल्या या लहान जाती टिकल्या त्या हौशी बागप्रेमींमुळे. त्यांनी परस्परांना कंद आणि बी देण्याची जी प्रथा पाडली, तिला केवळ सौजन्य समजणे चुकीचे ठरेल, कारण तिच्यामागे वनस्पतीची स्वतःची गरज आहे. केपच्या कंदवर्गीय वनस्पतींपैकी अनेक स्ववंध्य असतात, म्हणजे एका रोपाचा पराग त्याच रोपाच्या फुलावर, किंवा त्याच्याच कंदाला फुटलेल्या पिल्लांच्या फुलावर पडला तरी बी धरत नाही. एकाच कंदापासून वाढवलेला वाफा कितीही भरला तरी आनुवंशिकदृष्ट्या तो एकच जीव असतो. बी हवे असेल तर दुसऱ्याकडून वेगळ्या वंशाचा कंद किंवा पराग आणावाच लागतो.

त्यातही अनुभवी मंडळी कंदापेक्षा बियांना प्राधान्य देतात. उत्तर गोलार्धात नेलेल्या कंदाचे ऋतू उलटे होतात आणि जुळवून घेताना तो एखादे वर्ष वाया घालवतो किंवा मरतो, तर बी नव्या ठिकाणच्या शरद ऋतूत पेरले की रोप पहिल्यापासून तेथील वेळापत्रकाने वाढते. शिवाय कंदातून पसरणारे बहुतेक विषाणुरोग बियांतून येत नाहीत. मात्र सगळे बी सारखे नसते. ग्लॅडिओलस आणि मोरिआ यांचे कोरडे बी थंड जागी काही वर्षे टिकते, पण नेरीन आणि ॲमॅरिलिस बेलाडोना यांचे मांसल बी पाण्याविना पाकिटातच अंकुरते, म्हणून ते पिकताच टपालात टाकावे लागते. बियांपासून फूल येण्यास सामान्यतः तीन ते पाच वर्षे लागतात आणि ब्रन्सव्हिजिया दशकभरही वाट पाहायला लावते. इतका धीर व्यापाऱ्याला परवडत नाही, हौशी माणसालाच परवडतो.

या प्रथेला संस्थांचे रूप विसाव्या शतकात आले. १९१३ मध्ये केप टाउनला किर्स्टनबॉश उद्यान आणि वनस्पतिप्रेमींची संस्था स्थापन झाली, आणि संस्थेच्या सभासदांना दरवर्षी उद्यानातील बी मिळू लागले. अमेरिकेत १९३३ मध्ये ॲमॅरिलिस सोसायटी निघाली. तिच्या वार्षिकाचे हर्बर्टिया हे नाव एकोणिसाव्या शतकातील संकरकार विल्यम हर्बर्ट यांच्यावरून पडले. पुढे किर्स्टनबॉशच्या संशोधकांनी वणव्याच्या धुरामुळे केपच्या अनेक वनस्पतींचे बी रुजते हे १९९० च्या सुमारास दाखवून दिले, तेव्हा धूर शोषवलेला कागद पाण्यात भिजवून ते पाणी बियांना देण्याची युक्तीही हौशी बागांत पोहोचली.

मोरिआ लाउब्सेरी ही निळसर-जांभळी जात १९७३ मध्ये लांगेबानजवळच्या एका ग्रॅनाइटच्या टेकडीवर सापडली आणि खाणीने ती टेकडी पोखरल्यामुळे रानातून जवळजवळ नाहीशी झाली, परंतु तोवर तिचे बी अनेक हातांत गेले होते आणि आज ती जगभरच्या संग्रहांत फुलते. बागेतले हे अस्तित्व रानातल्या अस्तित्वाची जागा घेऊ शकत नाही, कारण तेथील परागवाहक कीटक, माती आणि वणवे यांचा संबंध कुंडीत उतरत नाही. आणि दुर्मीळ जातींचे कंद रानातून उपटून विकणाऱ्या चोरट्यांना हौशी संग्राहकांचीच मागणी पोसते, हेही नाकारता येत नाही. म्हणून रानातून खणलेला कंद न घेता बागेत धरलेले बी मागणे हाच योग्य मार्ग होय. भारतातील बागप्रेमींनी असे बी परदेशातून मागवताना हेही ध्यानात ठेवावे की, २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि मित्राने भेट म्हणून टपालाने धाडलेले छोटे पाकीटही आयातच ठरते.