पावलांचा हिशेब

मीरा रोड-भाईंदरकडच्या एखाद्या गृहस्थांना ‘तुम्ही किती चालता?’ असं विचारलं, तर ते किलोमीटरमध्ये उत्तर देत नाहीत. ‘पूर्वी स्टेशन एका दमात गाठायचो, आता वाटेत दोनदा टेकावं लागतं,’ असं सांगतात. मणक्याच्या डॉक्टरांना एवढं बरंच काही सांगून जातं. उतारवयात कमरेच्या मणक्यांमधली नळी अरुंद झाली की आतल्या नसा दाबल्या जातात. थोडं चाललं की पाय जड होतात, मुंग्या येतात. बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळं वाटतं. ‘ताठ कणा’ म्हटलं की मराठी वाचकाला डॉ. प्रेमानंद रामाणी आठवतात. या दुखण्यात मात्र ताठ राहिलं की त्रास आणि वाकलं की आराम! हॉलंडच्या हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली त्याचं नेमकं वर्णन केलं.

ऑपरेशन करून नसा मोकळ्या करता येतात. पण गुण किती आला, हे ठरवायचं कशावरून? इंग्लंडमध्ये १९८० साली ऑस्वेस्ट्री नावाची प्रश्नावली तयार झाली. ती आजही वापरतात. तिच्यात चालण्याविषयी प्रश्न आहे, पण उत्तर रुग्णाच्या आठवणीतून येतं. शिवाय आपल्याकडे डॉक्टरांसमोर ‘बरं आहे’ म्हणण्याची रीत आहे, ती वेगळीच.

चालणं मोजायची धडपड मात्र जुनी आहे. जर्मनीतल्या वेबर बंधूंनी १८३६ साली घड्याळ आणि मोजपट्टीच्या जोरावर चालण्यावर ग्रंथ लिहिला. खरी गंमत केली ती फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारे यांनी. त्यांनी बुटाच्या रबरी तळव्यात हवेची पोकळी ठेवली आणि ती नळीने हातातल्या नोंदयंत्राला जोडली. पाऊल टेकलं की हवा दाबली जाई आणि फिरत्या कागदावर रेघ उमटे. १८७३च्या त्यांच्या पुस्तकात असा धावणारा माणूस चित्रात दिसतो. डोक्यावरही एक यंत्र! अंगावर घालायच्या सेन्सरचे हे पणजोबाच म्हणायचे. पुढे १८९१ साली लायपझिगमध्ये ब्राउने आणि फिशर यांनी एका माणसाच्या हातापायांना विजेच्या प्रकाशनळ्या बांधून काळोखात त्याची छायाचित्रं घेतली. त्याला सजवायला कित्येक तास लागले, चालणं काही क्षणांचं. हिशेब मांडण्यात मग वर्षं गेली.

म्हणजे मोजमाप होत होतं, पण प्रयोगशाळेत. रस्त्यावर ते आणलं जपानने. १९६५ साली तिथे कमरेला लावायचं ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचं यंत्र, विकायला आलं. (दहा हजार हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नव्हता, तो जाहिरातीचा होता.) नंतर १९९०च्या दशकात मोटारींच्या एअरबॅगसाठी धक्का ओळखणाऱ्या चिमुकल्या चिप्स निघाल्या. त्याच जातीच्या चिप्स आज आपल्या फोनमध्ये आणि मनगटी पट्ट्यात आहेत.

ऑपरेशनच्या आधी काही दिवस आणि नंतर काही महिने असा सेन्सर बाळगला, तर दिवसाची पावलं, वेग, न थांबता झालेली सर्वांत लांब चाल, सगळं नोंदलं जातं. दवाखान्याच्या गुळगुळीत लांबलचक व्हरांड्यात, डॉक्टर बघत असताना, कुणीही चांगलंच चालतो. भाजी आणायला जाताना तो कसा चालतो, ते महत्त्वाचं. ऑपरेशननंतर पावलं आधी घटतात, मग हळूहळू वाढतात. काहींचं दुखणं कमी होतं, प्रश्नावलीत गुण सुधारतात, पण पावलं त्या मानाने वाढत नाहीत. वर्षानुवर्षं बसून राहायची सवय, पडण्याची धास्ती, स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या, पावसाळा, खोदलेला फुटपाथ, कारण यांतलं काहीही असू शकतं. यंत्राला ते कळत नाही. विचारायला माणूसच लागतो.

आणखी एक अडचण आहे. अगदी सावकाश, काठी किंवा वॉकर घेऊन पाय घासत चालणाऱ्याची पावलं ही यंत्रं बरेचदा कमी मोजतात. ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस तर पुष्कळ रुग्ण असेच चालत असतात.