सहा हालचालींची परीक्षा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या समृद्धीत वाढलेली अमेरिकेची मुले धष्टपुष्ट असणारच, अशी जी समजूत सरकारदरबारीही रूढ झाली होती, तिला 1953 साली हान्स क्राउस नामक वैद्य व त्यांच्या सहकारी रूथ हिर्शलँड यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी जबर हादरा दिला. गुडघे न वाकविता बोटांनी जमिनीस स्पर्श करणे, उताणे निजून उठून बसणे, अशा अवघ्या सहा हालचालींच्या या कसोटीत 57.9 टक्के अमेरिकी मुले निदान एका बाबतीत अनुत्तीर्ण ठरली; ऑस्ट्रिया, इटली व स्वित्झर्लंड येथील मुलांत हेच प्रमाण केवळ 8.7 टक्के होते. हा वृत्तांत 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कानी गेला, आणि 1956 च्या जुलैत त्यांच्या हुकुमान्वये युवकांच्या शारीरिक क्षमतेसाठी स्वतंत्र मंडळ अस्तित्वात आले. पुढे 1958 साली शाळांतून राष्ट्रव्यापी चाचणी झाली, आणि 1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी अग्रेसर विद्यार्थ्यांसाठी पारितोषिक जाहीर केले. दुर्बलांचा शोध घेण्यासाठी निघालेली चळवळ अशा रीतीने सबलांच्या सन्मानात स्थिरावली. आणि ज्यांच्यासाठी तिचा आरंभ झाला, ती मुले मात्र पारितोषिकापासून वंचितच राहिली.