आठाचा नऊ: १९३९ च्या रुपयाची गोष्ट

सहाव्या जॉर्जचा १९३८ चा चांदीचा रुपया जुन्या बाजारात सहज मिळतो. १९३९ चा मात्र भल्याभल्या संग्राहकांकडेही नसतो. दोघांत फरक काय? एका आकड्याचा. घोळ नेमका तिथेच होतो.

आधी थोडं मागे जाऊ. घरात सोन्याचा हिशोब अजून तोळ्यात होतो ना? तो जुना तोळा म्हणजे रुपयाचंच वजन, ११.६६ ग्रॅम. कंपनी सरकारने १८३५ मध्ये रुपया सगळीकडे एकसारखा केला, तेव्हापासून हेच माप. चांदी बारा भागांत अकरा. मग सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं, आणि १९४० पासून रुपयात चांदी उरली जेमतेम निम्मी. लोकांनी जुने, चांगले रुपये दडवले. सरकारनेही ते चलनातून काढून घेतले. म्हणजे १९३९ हे जुन्या चांदीचं शेवटचं साल, आणि त्या सालचे रुपये आज दुर्मिळ.

आता लबाडी बघा. अस्सल १९३८ चा रुपया घ्यायचा, आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू कोरून काढायची. झाला नऊ! नाणं टांकसाळीतलंच, त्यामुळे वजन बरोबर, चांदी बरोबर, लोहचुंबकालाही चिकटत नाही. सराफाला दाखवलंत तर तोही 'चांदी खरी आहे' म्हणेल. खरंच आहे की! खोटी आहे ती फक्त तारीख.

मग ओळखायचं कसं? गंमत म्हणजे नमुना नाण्यावरच असतो. १९३९ मध्ये नऊ दोनदा येतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दोन्ही नऊ ताडून बघा: जाडी, उंची, शेपटीचा बाक. मोबाईलचा टॉर्च आडवा धरा. कोरलेल्या जागी बारीक ओरखडे किंवा खोलगट भाग दिसतो, चकाकीही वेगळी पडते. अख्खं नाणं झिजलेलं आणि शेवटचा आकडा तेवढा धारदार, तर सरळ नाही म्हणा.

साच्यात ओतलेली बनावट नाणी त्या मानाने बावळट. अक्षरं बुळबुळीत, पृष्ठावर बारीक खड्डे, कडेला कधी जोडाची रेघ. वजनकाट्यावरच बहुतेक पकडली जातात.

ऑनलाइन घेत असाल तर तारखेचा जवळून, तिरक्या उजेडातला फोटो मागा. विक्रेता 'आजोबांच्या पेटीतलं आहे हो' एवढंच सांगत राहिला, तर पैसे पाठवू नका.